‘काही नाही हो’ म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा

आस्थापनेच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला माणसे कागदावरून ओळखता येतात, असा माझा बरीच वर्षे समज होता. रजेचा अर्ज, सोसायटीचा कर्जाचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली उचल, मुलीच्या लग्नासाठी मागितलेले ॲडव्हान्स, एवढ्यावरून कुणाच्या घरात काय चालले आहे ते कळते. हा समज एका फॉर्मने पार मोडून टाकला. तो फॉर्म मीच माझ्या हाताने भरला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कार्यालयातले एक शिपाई माझ्या टेबलाशी आले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. निवृत्तीला दीड-दोन वर्षे उरलेली. म्हणाले, “भाऊसाहेब, तेवढा वारसाचा फॉर्म काढा ना. नाव बरोबर आहे का ते बघून घेऊ.” मी फाईल काढली. नॉमिनेशनमध्ये त्यांच्या आईचे नाव होते आणि ती माउली जाऊन बरीच वर्षे झाली होती. बायकोचे नाव घालून नवा फॉर्म भरला, सही घेतली, शिक्का मारला. थट्टेने म्हणालो, “नाना, एवढी घाई कशाला? अजून पेन्शन खायची आहे.” ते हसले. “काही नाही हो, कागद जागेवर असलेले बरे.”

त्याच आठवड्यात त्यांनी टपरीवरची चहाची उधारी चुकती केली. आपली सायकल एका नव्या मुलाला देऊन टाकली. मी विसरूनही गेलो होतो असे माझे दोनशे रुपये त्यांनी माझ्या हातात आणून ठेवले. मला वाटले, काय चोख माणूस आहे! कार्यालयात दोघा-तिघांना मी त्यांचे उदाहरणही दिले. पुढच्या सोमवारी नाना कामावर आले नाहीत. त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले होते. कसे, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. अशा घरी जाणाऱ्यांनीही ते खोदून खोदून विचारू नये.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खाते बंद करायचे म्हणजे काय करायचे हे मला शिकवलेले आहे. येणे-देणे मिटवायचे, शिल्लक शून्यावर आणायची आणि खाली दोन रेघा ओढायच्या. नाना माझ्या डोळ्यांसमोर खाते बंद करत होते आणि मी शिक्का मारत होतो. त्याच्या आधीचे दोन महिनेही आठवून पाहिले. डब्यातली भाकरी तशीच परत नेत होते. रात्री झोप नाही म्हणून खुर्चीत डुलक्या घेत होते आणि साहेबांची बोलणी खात होते. एकदा म्हणाले होते, “आता आपण कोणाच्या कामाचे राहिलो नाही भाऊसाहेब.” मी उत्तर दिले होते, “असं बोलू नका नाना.” त्या उत्तराने मी त्यांचे तोंड बंद केले, हे मला फार उशिरा समजले.

हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की, नानांना न विचारलेला प्रश्न मी नंतर दुसऱ्या एकाला विचारला आणि तो मुलगा आज आपल्यात आहे.

त्याआधी थोडे आकडे, कारण ते आपल्या वस्तीचेच आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वांत जास्त, २२,७४६, एकट्या महाराष्ट्रातले होते. भागाकार केला तर आपल्या राज्यात रोज बासष्ट माणसे. वर्तमानपत्रे शेतकऱ्यांबद्दल लिहितात, ते लिहायलाच पाहिजे. पण त्याच अहवालात दर चार माणसांमागे एकापेक्षा जास्त माणूस रोजंदारीवर काम करणारा आहे. हमाल, बांधकाम मजूर. म्हणजे आपणच. कारणांच्या रकान्यात सर्वांत वर कौटुंबिक अडचणी आणि त्याखाली आजारपण. अर्थात रकान्यात एकच कारण मावते. माणसाच्या मनात चार कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. कर्ज असते, त्यातून दारू, दारूतून घरात भांडण, आणि ज्याच्यापाशी मोकळे व्हावे असे कोणी नसते.

आता त्या मुलाविषयी. नाव, वस्ती सांगत नाही. वडील बाजार समितीत हमाली करतात. आई हंगामात मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते, संध्याकाळी हातांची आग होत असते. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. दोनदा थोडक्या गुणांनी गेला, तिसऱ्यांदा धावण्यात पाय मुरगळला. मग पहाटे ग्राउंडवर जाणे बंद झाले. दिवसा झोपायचा, रात्री जागा. मित्रांचे फोन घेईना. जयंतीच्या वर्गणीला सगळ्यांत पुढे असणारा पोरगा त्या वर्षी मिटिंगला आला नाही. घरात लहान-सहान गोष्टींवरून ओरडायचा. एकदा आईला म्हणाला, “माझ्यावर केलेला खर्च पाण्यात गेला, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.” वडिलांना वाटले, आळशी झाला. चुलत्यांना वाटले, व्यसन लागले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याची आई माझ्या पत्नीजवळ बसली. चेहऱ्यावर समाधान होते. म्हणाली, “ताई, पोऱ्या दोन दिनपाईन शांत शे. आते काई टेन्शन नही.” पत्नीने सहज विचारले, पुन्हा ग्राउंडवर जायला लागला का? तर नाही. बूट त्याने शेजारच्या मुलाला देऊन टाकले होते. भरतीची पुस्तके गठ्ठा बांधून अभ्यासिकेत दिली. मोबाईलमधले फोटो पुसले. आणि लहान बहिणीला जवळ बसवून सांगितले, “आईबाबांकडे लक्ष दे.”

पत्नीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नानांचा फॉर्म आला.

महिनोन्महिने तळमळणारा माणूस काहीही बदललेले नसताना एकाएकी शांत झाला, तर घरच्यांना हायसे वाटते. नोकरी लागली नाही, कर्ज फिटले नाही, आजार बरा झाला नाही, आणि तरी तो निवांत आहे. अशा वेळी सावध व्हावे. कधी कधी ती शांतता निर्णय घेतल्याची असते. कुणी बूट दान केले म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. वारसाची नावे नीट करून घेणारे शेकडो लोक माझ्या टेबलावर येतात आणि ते केलेच पाहिजे. पाहायचे ते हे की, माणूस पूर्वी कसा होता आणि आता कसा झाला. खाणे, झोप, बोलणे, कामाला जाणे, अंगावरच्या कपड्यांकडे लक्ष, दारूचे प्रमाण, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्यात निरवानिरवीची भाषा मिसळली, तर थांबू नये. आधी एकदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला हा धोका सर्वांत जास्त असतो. “एकदा केलं, आता अक्कल आली असेल” असे आपण म्हणतो. अभ्यास उलटे सांगतो. विशेषतः दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्याला फार जपावे लागते.

बायकांच्या बाबतीत ही चिन्हे आपल्याला आणखी उशिरा दिसतात, कारण ती रोजच्या कामाखाली दबतात. नवऱ्याचा मार खाणारी सून स्वयंपाक करत राहते, पाणी भरत राहते, आणि घरातल्यांना सगळे ठीक वाटते. माहेरी फोन करून ती सगळ्यांची चौकशी करते, मुलांना मामाकडे ठेवायची गोष्ट काढते, अंगावरचा डाग आईकडे ठेवायला देते. आई म्हणते, पोरगी शहाणी झाली. बाळंतपणानंतर काही आठवडे सतत रडणारी, बाळाकडे न बघणारी बाई नखरे करत नसते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत आणि खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात. मागे उरलेली म्हातारी माणसे “आमचं काय राहिलं आता” म्हणतात, तेही कान देऊन ऐकावे.

तर मी त्या मुलाकडे गेलो. वडिलांना घेऊन गेलो नाही. बापासमोर पोरगा बोलत नाही. नदीकडे फिरायला चल म्हणालो. अर्धा तास भरतीच्या, क्रिकेटच्या गोष्टी झाल्या. मग विचारले, “काय होतंय?” तो म्हणाला, “काही नाही काका.” तेच उत्तर. नानांच्या वेळी मी इथेच थांबलो होतो. या वेळी धीर करून सरळ विचारले, “तुझ्या मनात जीव द्यायचे, आत्महत्येचे विचार येतात का?”

माझ्या घशाला कोरड पडली होती. असे विचारले आणि त्याच्या डोक्यात नसलेले आपणच घातले तर? ही भीती प्रत्येकाला वाटते. पण मी त्याआधी वाचले होते आणि डॉक्टरांनाही विचारले होते. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. शिरलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग खाली बसला आणि रडायला लागला. पुष्कळ रडला. म्हणाला, “काका, हे मला कोणी विचारलंच नाही.”

पुढचा प्रश्नही विचारावाच लागतो. कधी, कुठे, कशाने, असे काही ठरवले आहे का? त्याने ठरवले होते. ज्याने बेत आखला आहे, साधन जवळ ठेवले आहे, दिवस निश्चित केला आहे, त्याला एक क्षणही एकटे ठेवायचे नाही. मी त्याला म्हणालो, “हे मी गुपित ठेवणार नाही. तुझ्या आईबाबांना सांगणार, पण तू शेजारी असताना सांगणार.” तो आधी चिडला. मग “सांगा” म्हणाला.

आपण अशा वेळी काय बोलतो, याचा विचार करावा. “बाबासाहेबांनी किती सोसलं, आणि तू एवढ्याने खचलास?” हे वाक्य मी स्वतः तरुणांच्या शिबिरांत बोललो आहे. सभेत ते चांगले वाटते. बुडणाऱ्या पोराला मात्र त्यातून एवढेच ऐकू येते की, आपण बाबासाहेबांच्याही लायक नाही. “आईबापाचा विचार कर”, “लोक काय म्हणतील”, “पळपुटेपणा आहे हा”, ही वाक्येही तशीच. मी त्या संध्याकाळी फारसे बोललो नाही. “किती दिवसांपासून?” “रात्री जास्त वाटतं का?” “आज रात्र काढायला काय करू या?” एवढेच. उद्याचे, पुढच्या भरतीचे, लग्नाचे काही नाही. फक्त आजची रात्र.

घरी आल्यावर दोन कामे केली. त्याने जे जवळ ठेवले होते ते ताब्यात घेतले आणि घरातून बाहेर नेले. धोकादायक असे बाकीचे सगळेही उचलले. जास्तीच्या गोळ्यांच्या पट्ट्या, शेतावरून आणलेले औषध, काहीच मागे ठेवले नाही. यावर बरेच लोक म्हणतात की, ज्याला मरायचे तो कसाही मरेल. तसे नाही. जीव द्यायची ती ऊर्मी पुष्कळदा काही तासांची, काही वेळा काही मिनिटांची असते. ती लाट ओसरेपर्यंत हाताशी साधन नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर, १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत आत्महत्येचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. तामिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी दोन गावांत एक साधा प्रयोग केला. फवारणीची औषधे घरात न ठेवता गावच्या एका सामाईक खोलीत, ज्याच्या त्याच्या कुलपाच्या कप्प्यात ठेवायची. आपल्याकडे कापूस, मिरची, पपई, सगळ्यांवर फवारणी होते आणि उरलेली बाटली खाटेखाली किंवा चुलीमागच्या फळीवर असते. ती कुलपात ठेवायला पैसा लागत नाही. चावी कोणाकडे, एवढेच ठरवायचे.

दुसरे काम फोनचे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवस-रात्र कधीही लावता येतो, पैसे लागत नाहीत, साध्या बटणांच्या मोबाईलवरूनही लागतो. मराठीत बोलता येते. तो नंबर लागला नाही तर १८००-८९-१४४१६. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी आधी मुलाला एकच विचारले, “आत्ता तुमच्याजवळ कोण आहे?” मग पाऊण तास त्याच्याशी बोलल्या. आम्ही घरातले जमिनीवर बसून ऐकत होतो. सगळे संकट फोनने गेले असे नाही. पण तोपर्यंत आम्हाला वाटत होते की हे आमच्याच घरावर आले आहे. त्या बाईंच्या आवाजावरून कळले की त्या रात्री त्यांच्याकडे असे कितीतरी फोन आले असणार. माणसाने काही करून घेतले असेल, किंवा आत्ता करायच्या बेतात असेल, तर मात्र बोलत बसायचे नाही. १०८ ला रुग्णवाहिका किंवा ११२ ला मदत मागायची आणि दवाखाना गाठायचा. घरगुती उपाय, भगत, उतारा यात एक मिनिटही घालवू नये.

त्या रात्री आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. चुलता, मी आणि त्याचा एक ग्राउंडवरचा मित्र. सकाळी सिव्हिलला गेलो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि त्या योजनेखाली जिल्हा रुग्णालयातून मानसोपचार दिला जातो. केसपेपर काढताना खिडकीवर ‘मानसोपचार’ म्हणून सांगावे. ते सांगताना मुलाचे वडील अडखळले. मागे रांगेत ओळखीचा माणूस उभा होता. शेवटी हळूच म्हणाले, “डोक्याच्या डॉक्टरकडे.” अक्राणी-अक्कलकुव्यातल्या बांधवांना तर सातपुड्यातून खाली येण्यातच दिवस जातो आणि रोजही बुडतो, हे मी जाणतो. त्यांच्या गावी आशाताई असते. तिच्याकडे बोलावे, आणि फोनला रेंज असेल तिथून १४४१६ लावावा.

औषधाबद्दल एक सांगून ठेवतो. गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. दोन-चार आठवडे लागतात. पोराने दहाव्या दिवशी गोळ्या टाकून दिल्या होत्या. आईने शोधून पुन्हा आणल्या, आणि पट्टी आपल्या पदराला बांधून ठेवली. रोज एक स्वतः काढून द्यायची.

पुष्कळ जण मदत घेत नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. “केस होईल, नोकरीला डाग लागेल.” भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि एक वर्षापर्यंत शिक्षा होती, हे खरे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधले कलम ११५ असे सांगते की, ज्याने असा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालायचे. त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीत ते जुने कलम ठेवलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली गुन्हा आहे. दवाखान्यात पोलीस येऊन जबाब घेतील, ती रीत आहे. त्याने घाबरून माणसाला घरी लपवू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजाच्या दुःखात आणखी एक गोष्ट असते, ती इतरांच्या यादीत सापडत नाही. ती म्हणजे अपमान. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला गेला. आपल्या खानदेशातली, जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. आपल्या लेकीला वरिष्ठांकडून जातीवरून छळ सोसावा लागत होता आणि आपण त्याबद्दल आधीच सांगितले होते, असे तिच्या आई आबेदा तडवी म्हणत आल्या आहेत. ते प्रकरण न्यायालयात आहे. २०१९ मध्येच राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या उच्च शिक्षणसंस्थांतल्या जातीय भेदभावाविरुद्ध दाद मागायला. आपल्या पोराला वसतिगृहातून “मला इथे नको वाटतं” असा फोन आला, तर “ॲडजस्ट कर” म्हणायच्या आधी विचारा, तिथे कोणी काही बोलतो का, जेवायला बरोबर कोण बसतो, रात्री खोलीत कोण असते. तक्रार लेखी करा, पोच घ्या. हे सांगताना मी कारकूनच होतो, पण पोच लागतेच.

आणि एक थोडे नाजूक. या मुलांच्या प्रतिमांना आपण हार घालतो, घोषणा देतो. न्याय मागण्यासाठी ते केलेच पाहिजे. पण भाषणाच्या भरात त्यांच्या मरणालाच मोठे करणारे शब्द वापरले, तर मागच्या रांगेत बसलेला एखादा खचलेला पोरगा त्यातून वेगळाच अर्थ घेतो. बुद्धाने भिक्खूंसाठी केलेल्या विनयात मनुष्यवधाच्या नियमातच हेही घातलेले आहे की, कोणापुढे मरणाची स्तुती करायची नाही, कोणाला मरणाकडे वळवायचे नाही. तो सर्वांत मोठ्या चार दोषांपैकी एक मानला आहे. अंत्ययात्रेत “सुटला बिचारा” म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला हवे.

हे सगळे डॉक्टरचे काम, आपल्याला काय जमणार, असे म्हणणाऱ्यांसाठी नाशिक जिल्ह्याचे उदाहरण आहे. तिथल्या पेठ या आदिवासी तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम चालला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो केला. गावातल्याच माणसांना शिकवले. काहींनी दुःखात असलेला माणूस ओळखायचा, काहींनी त्याच्याकडे चार-सहा वेळा जाऊन बसायचे, ऐकायचे, आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत व सरकारी योजनेपर्यंत पोचवायचे. ती पदव्या घेतलेली माणसे नव्हती. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, वर्षावासात तीन महिने माणसे रोज एकत्र बसतात. एवढे आयते जमलेले असताना कोण येईनासे झाले आहे, याची नोंद कोणी तरी ठेवावी. आमच्याकडे ती आता एक ताई ठेवते. वर्गणीच्या वहीच्या मागच्या पानावर.

ज्या घरात हे होऊन गेले आहे, तिथेही जावे. नानांच्या घरी तेराव्या दिवसानंतर कोणी फिरकले नाही. मीही नाही. लाज वाटत होती. दीड महिन्याने कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन त्यांची पत्नीच कार्यालयात आली. म्हणाली, “लोक मला बघून रस्ता बदलतात भाऊ. मी काय केलं?” मी तिला नानांबद्दल बोलू दिले. त्या खुर्चीवर बसून ती तासभर त्यांच्या गमती सांगत होती, हसलीही. नंतर ती अधूनमधून येते. फॉर्मवरचे तिचे नाव मीच लिहिले होते, हे मी तिला सांगितले आहे.

तो मुलगा आता एका गोदामात हजेरी लिहितो. पुन्हा भरती द्यायची का, ते ठरलेले नाही आणि घरात कोणी विचारतही नाही. गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्या आहेत. मधे एकदा त्याला पुन्हा तसे वाटायला लागले, तेव्हा रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. “काका, जागे आहात का?” नव्हतो. झालो.

आमच्या विहाराच्या फळ्यावर त्यानेच खडूने १४४१६ हा आकडा लिहिला होता. लहान पोरांनी दोनदा पुसला. मागच्या महिन्यात त्याने ऑइलपेंटचा छोटा डबा आणला.